आमच्या शाखेची फेअर व्हॅल्यू

रॅकवर धूळ साठते तसे आमच्याकडे किस्से साठतात. मुद्दाम कोणी आणत नाही, पण रोज पुसलं तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. रत्नागिरीतल्या एका सुपरमार्केटात मी अकाउंट्स बघते, म्हणजे फोन वाजला की आधी दचकते, मग उचलते. आमचे बहुतेक किस्से मार्चअखेरचे. तेव्हा मुंबईच्या हेड ऑफिसला एकच प्रश्न छळतो : दुकानातली प्रत्येक वस्तू आज बाजारात काढली तर तिचे किती येतील? याला म्हणतात फेअर व्हॅल्यू. हिशोबाच्या पुस्तकात लिहिलेल्या किमतीपेक्षा ती कमी भरली की शाखेचा 'फेरविचार' होतो. मागच्या वर्षी खेडच्या शाखेचा झाला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

यंदा पाळी आमची. पुण्याहून किंमत लावायला कुलकर्णी साहेब आले. त्यांच्या हातातली मोजायची टेप सर्रकन आत गेली आणि मी किंचाळले. हीच आमची ओळख!

* * *

सुरुवात डीप फ्रीझरपासून झाली.

"हा आज विकायला काढला तर घेणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझा दीर घेईल की," कॅशवरच्या नलूताई म्हणाल्या. त्यांचं सासर बुरोंडीचं, घरची होडी. "आइस्क्रीम तेवढं काढून द्या. त्याला सुरमई ठेवायची आहे."

साहेबांनी खरोखरच दिराला फोन लावला. दिराने सांगितलेली किंमत पुस्तकातल्यापेक्षा जास्त निघाली! साहेबांनी ती वर कळवली. लगेच हेड ऑफिसची मेल : 'किंमत वाढण्याचं कारण द्या.'

आमचे मॅनेजर सुर्वे सर डोकं धरून बसले. कमी झाली तरी खुलासा, वाढली तरी खुलासा. शेवटी म्हणाले, "मानसी, जे खरं आहे ते लिहून टाक."

मी लिहिलं, 'सुरमई.'

* * *

हेड ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये लोखंडी रॅक दहा वर्षं टिकतात. आमच्याकडे खारा वारा. सुर्वे सरांनी साहेबांसमोर एका रॅकला पेन टेकवलं, पेन आरपार! फोटो काढून पाठवला.

उत्तर आलं, 'शाखा समुद्राजवळ का उघडली, याचा खुलासा करावा.'

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिही," ते मला म्हणाले, "समुद्र आधीपासून होता."

* * *

चहाच्या वेळी मी धीर करून साहेबांना विचारलं, की फेअर म्हणजे नेमकं कोणाच्या मते फेअर?

"विकणाऱ्याला घाई नको, घेणाऱ्यावर जबरदस्ती नको, आणि दोघांना वस्तूची सगळी माहिती हवी. अशा दोघांत जी किंमत ठरेल, ती."

नलूताईंनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे हिच्या लग्नाच्या बरोब्बर उलटं."

"नलूताई!"

"काय गो, खोटं काय? तुझ्या आईला घाई, तुझ्यावर जबरदस्ती, आणि तो देवरुखचा मुलगा काय करतो ते अजून कोणालाच माहीत नाही!"

साहेब हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "तो सौदा धरता येणार नाही."

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

* * *

किंमत लावून झालेल्या प्रत्येक वस्तूला पिवळा स्टिकर. वजनकाटा, जनरेटर, ट्रॉल्या, झाडू ठेवायचं कपाटसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुकान कावीळ झाल्यासारखं दिसत होतं.

"आम्हाला नाही का चिकटवायचा एकेक?" नलूताईंनी विचारलं.

"माणसं मालमत्तेत धरत नाहीत, ताई."

"म्हणजे काढून टाकताना कुठे लिहावंपण लागणार नाही!"

नलूताई पन्नाशीच्या पुढे आहेत. शाखा गेली तर त्यांना कॅशवर दुसरं कोण बसवणार? साहेब हातातला स्टिकर बोटावर गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "खेडचा आकडापण मीच काढला होता."

* * *

शेवटी अडलं ते जागेवर. जागेचे मालक अण्णा. पुढच्या वर्षी भाडेकरार संपतो. तो वाढला नाही तर रॅक, वायरिंग, एसी सगळं भंगारात.

"अण्णा, करार वाढवणार की नाही, एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

"मी कोण सांगणारा? देवीला विचारल्याशिवाय आमच्या घरात गोठ्याचं दारसुद्धा बदलत नाहीत. सोमवारी कौल लावू."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की देवीच्या मूर्तीला दोन कळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. साहेबांचा चेहरा फार थकलेला दिसला. मग तेच मला समजावू लागले, की किंमत काढायच्या पायऱ्या तीन. पहिली, भाव बाजारात समोर दिसतो. दुसरी, तशाच वस्तूच्या भावावरून अंदाज. तिसरी, दिसत काहीच नाही, आपणच काय ते ठरवायचं.

"मग ही कितवी?"

"तिसरी," ते म्हणाले. "हिच्या खाली पायरी नाही."

सोमवारी आरे-वारेच्या पुढे अण्णांच्या गावी गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कळ्या चिकटवल्या. उजवी टपकन पडली. अण्णा म्हणाले, "पाच वर्षं दिली."

सुर्वे सरांनी श्वास सोडला. साहेबांनी नाही.

"अजून विक्री दरवर्षी किती वाढेल ते धरायचं आहे," ते म्हणाले. "जरा चांगली धरली तर शाखा राहते, जरा कमी धरली तर जाते. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. एखादा चूक असता तर खोडला असता."

आम्ही बाहेर येऊन चपला घातल्या. साहेब आले नाहीत म्हणून मी मागे वळून बघितलं. ते गाभाऱ्यासमोर मोजे घालूनच उभे होते, हात जोडून. गुरव मूर्तीला दोन नव्या कळ्या चिकटवत होता. तेवढ्यात कोणीतरी घंटा बडवली, मी दचकले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा गुरव पडलेल्या कळ्या गोळा करत होता आणि साहेब बुटांकडे येत होते.

पंधरवड्याने हेड ऑफिसचा कॉल आला. सुर्वे सरांनी स्पीकर लावला. साहेब पुण्याहून लाइनवर होते. शाखेची किंमत पुस्तकापेक्षा थोडी वर भरली होती. थोडीच.

"मिस्टर कुलकर्णी," मुंबईच्या मॅडम म्हणाल्या, "विक्रीवाढीचा हाच दर का? आधार काय?"

नलूताईंनी कॅशचा ड्रॉवर आवाज न करता बंद केला. सुर्वे सर टेबलाकडे बघत होते.

"तिसरी पायरी, मॅडम," साहेबांचा आवाज आला. "मी स्वतः तिथे उभा होतो."

पलीकडे कागदांची सळसळ झाली.

"ओके," मॅडम म्हणाल्या. "पुढची शाखा."