दोन दारांचं कुंकू

वहिनींनी आधी अंगठ्याने पुसलं. निघेना. मग पदराचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि माझं कपाळ घासलं. करपलेलं पातेलं घासतात तसं. मांडवात साठ-सत्तर बायका बसलेल्या. माझा नवरा जिवंत आहे, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात, सगळ्यांसमोर, दुसऱ्या बाईने माझं कुंकू पुसलं.

"माझे खोलीन ऱ्हातेस, आनि कुंकू त्यांचं लावून येतेस?"

मग कानाखाली. हातातला प्लॅस्टिकचा डबा उडाला. त्यावर दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याचा फोटो चिकटवलेला होता. वहिनींनी तो पायाखाली घेऊन फोडला. एक बाई हसली. बाकीच्या आपापल्या तिळगुळाकडे बघत बसल्या.

मी म्हणाले, "चुकलं, वहिनी."

गालाची आग दोन दिवसांत गेली. ते "चुकलं" अजून जात नाही.

वहिनी म्हणजे आमच्या घरमालकीण. मूळच्या इथल्याच, पावणे गावातल्या. जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चाळ बांधली. बावीस खोल्या. त्यातली एक आमची. मी जवळच्याच कंपनीत बाटल्यांची झाकणं पॅकिंग करते. शिक्षण चौथी. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना मध्ये कोणी तोंड घालत नाही, म्हणून लिहिते.

सुशीला शेजारच्या खोलीत राहते, ती खोली दुसऱ्या मालकाची. नऊ वर्षं. मला ताप आला की भाकरी तिची, तिच्या घरी पाहुणे आले की अंथरूण माझं. ती एका पक्षाची, वहिनी दुसऱ्या. महापालिकेची निवडणूक आली आणि दोन्ही पक्षांनी एकाच रविवारी हळदीकुंकू ठेवलं. चारला सुशीलाच्या लोकांचं, रस्त्यापलीकडे. पाचला वहिनींच्या अंगणात. कुंकवाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच मला ठाऊक. आईने तेवढंच शिकवलं. मी सुशीलाकडे गेले, वाण घेतलं आणि उशीर होईल म्हणून घरी न जाता तशीच वहिनींच्या मांडवात शिरले. कपाळावर सुशीलाच्या लोकांचं कुंकू, हातात त्यांचाच डबा.

घरी आले तर नवऱ्याला आधीच कळलेलं. त्याने केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. "खोली गेली तर कुठं जायचं? पक्षाच्या भानगडीत तुला कोणी पाठवलं होतं?" त्याला माझा राग कमी आणि वहिनींची भीती जास्त होती. पण डोकं माझं फुटलं.

सकाळी वहिनींनी निरोप धाडला. सगळ्यांसमोर सांगायचं की सुशीलाने मला जबरदस्तीने ओढून नेलं. आणि यापुढे तिच्याशी बोलायचं नाही. नाहीतर खोली रिकामी करायची.

मी बाहेर पडले, तोवर दारात दुसरी माणसं. सुशीलाच्या पक्षाची. एकाने मोबाईल तोंडासमोर धरला. "ताई, कपाळ दाखवा. पट्टी थोडी काढा. कुंकू पुसलं म्हणून सांगा. रडू आलं तर रडा, दाबू नका."

पट्टी नवऱ्याच्या माराची होती. त्यांना चालणार होती.

मी सुशीलाकडे बघितलं. मला वाटलं, ही त्यांना हाकलेल. ती म्हणाली, "बोल ना गं. माझ्यासाठी तरी बोल."

तेवढ्यात वहिनींचा दीर बांबू घेऊन आला. मोबाईलवाल्याच्या मनगटावर पहिला घाव. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग विटा आल्या. कुठून आल्या कळलं नाही, पण गल्लीत नेहमी असतात. कोणाच्या तरी दाराचा पत्रा फाटला. एका म्हाताऱ्याच्या ओठातून रक्त आलं. त्याचा कोणताच पक्ष नव्हता, तो दूध घेऊन चालला होता. वहिनींनी सुशीलाची वेणी धरली. सुशीलाने त्यांच्या दंडाला चावा घेतला. माझ्या नावाने हे चाललं होतं, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

वहिनींनी सुशीलाला मारायला हात उचलला. तो मी वरच्यावर धरला.

"हात खाली, वहिनी."

आवाज केवढा निघाला, मलाच कळलं नाही. गल्ली थांबली. कोणीतरी अजून मोबाईल धरलेला होता. "बंद कर ते," मी म्हणाले. मग जे नऊ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"मी मत वहिनींच्या पक्षाला देते. दर वेळेला. आणि सुशीलाकडे रोज जाते. उद्यापण जाणार. आता मारा कोणाला मारायचं ते."

वहिनी म्हणाल्या, "मंग पयलाच सांगायचं ना, बाय!"

"म्हणजे? सांगितलं असतं तर मारलं नसतं?"

"तुला कशाला मारला असता?"

तिथे माझे डोळे उघडले. म्हणजे चूक मारण्यात नव्हती. चुकीच्या माणसाला मारलं, एवढंच. सुशीलाचं कपाळ घासलं असतं तर चाललं असतं. आणि काल मांडवात सुशीला असती, तर मी काय केलं असतं? मीपण तिळगुळाकडे बघत बसले असते. हे मी खोडणार नाही. असू दे लिहिलेलं.

सुशीला चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मीच तिच्या उंबऱ्यात जाऊन बसले.

"नऊ वर्षं माझ्या हातचा चहा पितेस," ती म्हणाली, "आणि मत तिकडं?"

"हो."

"का?"

नऊ वर्षांत हे 'का' तिने पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. गल्लीत नळ वहिनींच्या पक्षाने आणला. त्याआधी मी पोटुशी असताना दोन हंडे घेऊन हायवे ओलांडायचे. ते मी विसरू शकत नाही.

"आणि माझ्या नवऱ्याला कंत्राटदाराने गेटबाहेर काढला, तेव्हा कुठं होता तुझा नळवाला? आमचीच माणसं उभी राहिली त्या गेटवर."

"नव्हता तो. हे खरं आहे."

"मग?"

"मग तुझ्या लोकांनी माझं कपाळ मोबाईलला दाखवायला का मागितलं? आणि तू त्यांच्यात का उभी होतीस?"

ती रडली नाही. भांडली. मला नळाची गुलाम म्हणाली. मी तिला झेंड्याची काठी म्हणाले. चहा गार झाला. मी मत बदललं नाही, तिनेही नाही. उठताना ती म्हणाली, "उद्या ये. अजून संपलं नाही माझं." नऊ वर्षं आम्ही राजकारण सोडून सगळं बोललो आणि त्यालाच शहाणपण समजलो. आम्ही गप्प होतो, म्हणून आमच्या वतीने बांबू बोलला.

वहिनींनी खोली महिनाअखेरपर्यंत सोडायला सांगितली आहे. मत त्यांना चाललं, हात धरलेला चालला नाही. नवरा म्हणतो, जा, पाय धर.

त्यालाही सांगून झालं आहे. परत हात लावलास तर गल्लीत उभी राहून ओरडेन. भिंतीच्या आत सोसणार नाही.

उद्या वहिनींकडे जाणार आहे. पाय धरायला नाही. विचारायला, की सुशीलाला मारलेलं तुम्हाला का चालतं. त्या बोलतील ते सगळं ऐकेन. शिव्या दिल्या तरी मध्ये बोलणार नाही. मग माझं होईपर्यंत त्यांनी ऐकायचं. खोली राहो की जावो. चाळीतले भाडेकरू त्यांच्या ओट्याखाली, चपला काढून, उभ्याने बोलतात.

मी ओट्यावर बसणार आहे.