यंत्रांची सुईणबाई

आमच्या ऑफिसातल्या सुईणबाईंना कुणाचा पासवर्ड ऐकवत नसे. कुणी सहज म्हणालं, "ताई, माझा पासवर्ड लिहून ठेवा ना," की त्या दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायच्या, "नको रे बाबा, मला सांगू नको!" सगळे हसायचे. मी हसत नसे. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि ज्याचा हेवा वाटतो त्याच्या विनोदाला हसणं मला आजवर जमलेलं नाही.

आमचं ऑफिस अलिबागला. किनाऱ्यावरच्या लहान दवाखान्यांच्या नोंदी, तपासण्या, औषधं आम्ही सांभाळतो. ज्या यंत्रांवर हे चालतं ती दवाखान्यात नसतात. आमच्या एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात अशी अनेक आभासी यंत्रं नांदतात. एक बिघडलं की दुसरं उभं करायचं. पूर्वी त्यासाठी कुणीतरी समोर बसून इन्स्टॉलेशनच्या एकेका प्रश्नाचं उत्तर देत बसे. मी अशी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रासाठीच्या आज्ञांची यादी, लिहिली की एक बटण दाबलं की यंत्र आपोआप जन्माला यावं, जवळ माणूस लागू नये. हे काम माझ्याकडे राहावं एवढंच मला हवं होतं. सरांनी ते बाईंकडे दिलं, आणि ऑफिसने त्यांचं नाव ठेवलं सुईणबाई. मूल माझं आणि नाव सुईणीचं!

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बाबा जमीन वाचवण्याच्या लढ्यात होते. शाळेच्या पुस्तकाआधी मी मोर्च्याची पत्रकं वाचली. जो लपवतो तो राज्य करतो, हे आमच्या घरात जेवतानाही बोललं जायचं. त्यामुळे बाईंची कुलपं पाहून माझं रक्त तापायचं. एकदा भर बैठकीत मी विचारलं, "ताई, तुमचा आपल्याच माणसांवर विश्वास नाही का?"

विषय होता उत्तरांच्या फाईलचा. माणूस नसताना यंत्राला उत्तरं द्यायची ती एका फाईलमधून. त्या उत्तरांत मुख्य पासवर्डही होता, साध्या अक्षरांत, आणि सगळ्या यंत्रांना तोच एक. ती फाईल बंद करायची, असं बाईंचं म्हणणं होतं.

बाई रागावल्या नाहीत. त्या नागावची गोष्ट सांगू लागल्या. तिथे त्यांच्या दिरांचं होमस्टे आहे. दिरांनी सगळ्या खोल्यांसाठी एका दमात कुलपं आणली, एकाच खोक्यातली. पुण्याचं एक कुटुंब समुद्रावरून आलं, आपल्या चावीने शेजारची खोली उघडून आत गेलं आणि तिथल्यांनी मागवलेली सुरमई खाऊन मोकळं झालं. "भांडण पेटलं तेव्हा कळलं, कुठलीही चावी कुठल्याही कुलपाला लागते! भावोजी म्हणतात कसे, बरंच झालं की, चावी हरवली तरी अडत नाय!" बैठक हसून लोळली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "अविश्वास माणसावर नाही रे. ती फाईल एकाच्या हाती लागली, तर सगळे दवाखाने उघडे. आणि पहिला संशय येईल तो तुझ्यावर, कारण फाईल तुझी."

त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक यंत्राने जन्मताना आपला पासवर्ड आपणच तयार करायचा. जन्मापुरती एक चावी द्यायची, ती एकदा वापरली की मेली. काम चोख होतं. मला ते सुचलं नव्हतं, हेच माझं दुखणं.

नव्या यंत्राला बाई बाळंतिणीच्या खोलीत ठेवायच्या. म्हणजे वेगळ्या जाळ्यात, जिथून बाहेरचं कुणी त्याला शिवू शकत नाही. ज्या मूळ प्रतीतून ते काढलं तिचा ठसा जुळतो का, म्हणजे तिच्यात कुणी फेरफार तर केलेला नाही ना, ते पाहायचं, सुरक्षेचे सगळे अपडेट चढवायचे, आणि मगच बारसं. नावं माशांची. सुरमई, घोळ, बोंबील. "बारशाआधी बाळ कुणाला दाखवायचं नाही," हा त्यांचा नियम.

एका सकाळी म्हसळ्याच्या दवाखान्याचं घोळ नावाचं यंत्र बंद पडलं. डॉक्टर फोनवर ओरडत होते, "दारात रांग लागली हाय बाई, आणि तुमची घोळ अजून येत न्हाय?" सर घुटमळले. मी संधी साधली. "सर, तपासण्या बाजूला ठेवा, आत्ता देतो." बाई शांतपणे म्हणाल्या, "बारसं झाल्याशिवाय नाही. डॉक्टर, तोवर कागदावर लिहा, नंतर मी स्वतः भरून देते." ठसा जुळला. काहीही वावगं निघालं नाही. म्हणजे मी म्हणत होतो तसं केलं असतं तरी त्या दिवशी चाललं असतं! पण यंत्र उशिरा मिळूनही डॉक्टर शेवटी काय म्हणाले? "बाई, तुमच्या आईचा गुडघा कसा हाय?" मला आजवर कुणी आईचा गुडघा विचारलेला नाही.

त्याच गुडघ्यासाठी बाईंनी नोकरी सोडली. आई दिघीला एकटी. फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून तिथून रोज अलिबाग गाठणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, "तुमचं लॉगिन राहू द्या, कधी अडलं तर." बाईंनी नकारार्थी मान हलवली. "जाणाऱ्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं नसतं, सर." मग मला हाक मारली. "ये, तू काढ माझं नाव."

ज्या दिवसाची मी वाट पाहिली होती तो आला. मी बटण दाबलं. बाईंनी स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकून पाहिला. यंत्राने त्यांना ओळखलं नाही. त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "बघ, आता मीसुद्धा परकी!" मी लढ्यांतली माणसं पाहिली आहेत, पद सोडल्यावरही किल्ल्या कमरेला ठेवणारी. हातातली सत्ता इतक्या आनंदाने शून्य करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

आता ते काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात म्हसळ्याहून फोन आला. "सुईणबाई हायत का?"

"नाहीत. मी आहे."

"बरं, मग यंत्र कधी देता?"

"बारसं झाल्याशिवाय नाही," मी म्हणालो.

पलीकडे डॉक्टर खदखदून हसले. "म्हंजे बाई गेल्या न्हाईत अजून!"

मी फोन जरा जोरातच ठेवला.