शनिवारची नखं

"नखं दाखव बरं!"

दर शनिवारी अंगणवाडीच्या दारात आमची मावशी असा हात पसरून बसायची. ती मदतनीस, मी सेविका. पण पोरं भ्यायची ती तिलाच. नखात माती दिसली की म्हणायची, "याच्या नखात त पऱ्हाटी उगवते आता!" पोर हसेपर्यंत नख कापून झालेलं असायचं.

त्या वर्षी आमच्या बाभुळगावकडे या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळीने कहर केला होता. मावशी पहाटे शेतात जाऊन फवारणीचं औषध पाण्यात कालवून द्यायची, मग हात धुऊन यायची, खिचडी शिजवायची आणि लहानग्यांना स्वतःच्या हाताने भरवायची. आपल्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

एका शनिवारी मावशी छोट्या मुक्ताचं नख कापायला गेली, तर अख्खं नखच तिच्या हातात आलं. रक्त नाही, काही नाही. पुढे आणखी काही मुलांची नखं सुटली, पायाचीसुद्धा. मला तर खिचडीच्या पातेल्याकडे बघवेना.

"बाई, माह्या हातानं झालं हे," मावशी म्हणाली. "जहर गेलं लेकराइच्या पोटात."

ती आत यायचीच बंद झाली. दिवसभर फवारणीच्या कामावर जाऊ लागली.

मी मुलांना दवाखान्यात नेलं. मागे या मुलांना ताप येऊन हातापायांवर फोड आले होते, त्यानेच नखं गळली, नवी येतील, असं डॉक्टर म्हणाले. मी धावत जाऊन मावशीला सांगितलं.

"देवाशप्पथ?" एवढंच तिने विचारलं.

तरी ती आत आली नाही. शनिवारी कुंपणाबाहेर उभी राहायची, हात पदरात गुंडाळून. "नखं दाखव बरं!" पोरं हात उंच करायची. नवी नखं पाहून तिचे डोळे भरून यायचे.

एकदा मुक्ताने तारेतून हात बाहेर काढला. "आजी, आता तू दाखव."

मावशी झटकन मागे सरली. "म्हातारीचे कायले पाह्यतं, बाई!" म्हणाली आणि निघून गेली. आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती शेतात कोसळली. यवतमाळच्या ज्या दवाखान्यातून ती परत आली नाही, तिथे मी तिला भेटायला गेले होते. हात चादरीवर उघडे पडले होते. एकाही बोटाला नख नव्हतं.

मुलांना ताप आला होता. मावशीला कधी आलाच नव्हता.