सायलीची हजेरी

परळच्या आमच्या हॉस्पिटलातले चार जुने डॉक्टर चहाला बसले की पेशंट राहतात बाजूला, कर्णिक सरांचे किस्से सुरू होतात. न धुतलेल्या कपांसारखे साचलेत नुसते! पूर्वी हसायचो. आता मध्येच कुणीतरी चहा तसाच ठेवून उठतं.

सर लिव्हरचे डॉक्टर, वॉर्डात मुलांना शिकवायचे. नियम एकच: पेशंटच्या पोटावर हात ठेवा, लिव्हर बोटांना लागलं तरच हजेरी. मागे उभं राहणाऱ्याला म्हणायचे, "तू भिंतीला टेकायला आलास, हजेरी भिंतीकडेच माग!"

*

लॉकडाऊनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं घरी गेली आणि सरांचं क्लिनिक, म्हणजे पेशंटपाशी शिकवायचा तास, लॅपटॉपवर आलं. लॅपटॉप सांभाळायला मी, त्यांची लेक्चरर. साठ मुलं, एकाचाही कॅमेरा चालू नाही. अर्धा तास शिकवून सर म्हणाले, "अगं, यातलं जिवंत कोण आहे ते तरी सांग!"

सरांच्या हजेरीच्या वहीत साठही गैरहजर. "सर, पोरांचे परीक्षेचे फॉर्म अडतील हो!" मी रडकुंडीला आले.

"अडू देत. उद्या हे खऱ्या माणसाला हात लावणार आहेत."

*

घोडपदेवची सायली हट्टी. तिनं चाळीतल्या खोलीत वडिलांनाच जमिनीवर झोपवलं, मोबाईल स्टुलावर ठेवला आणि पोट चाचपायला लागली.

"लागलं?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"बरोबर. धडधाकट माणसाचं सहसा लागत नाही. गैरहजर!"

वडील ताडकन उठून बसले. "म्हणजे मी बरा आहे म्हणून पोरीची हजेरी कापताय होय?"

सर इतके हसले की उजवी बरगडी दाबून धरली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. लिव्हरची डॉक्टर म्हणवते मी!

*

शेवटी वरून ऑर्डर आली, जो लॉगइन तो हजर. सरांनी निमूट सही केली, पण स्वतःच्या वहीतलं काही बदललं नाही.

रिटायर झाले तेही ऑनलाइनच. हार मी घातला, स्क्रीनवर टाळ्यांचे पिवळे हात उडाले. "साठ डॉक्टर सोडतोय," सर म्हणाले, "आणि एकालाही शिकवलेलं नाही." फार लागलं ते मला.

*

मुलं परत आली तेव्हा सर आमच्याच वॉर्डात होते, पेशंट म्हणून. उशाशी ती वही. राउंडला सायली दिसली तसे म्हणाले, "ये. आधी हात चोळून गरम कर."

तिनं पोटावर हात ठेवला.

"श्वास घेतोय. लागलं?"

"लागलं, सर. बरगडीखाली चार बोटं."

"पुढे बोल. पेशंट घाबरत नाही."

"कडक आहे, सर. गाठी आहेत."

सरांनी वही माझ्याकडे सरकवली. "मला आता पेन धरवत नाही गं. हिची हजेरी मांड."