हिरवा स्वेटर

पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला की तो हिरवा स्वेटर आठवतो. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, शंकर नगरच्या कचेरीत मी नवीन लागले होते. शेजारच्या टेबलावरची रोजंदारीवाली दीदी मला जेवणाच्या सुट्टीत विणकाम शिकवायची. एकदा सुट्टी संपली तरी मी विणतच होते. साहेब येताना दिसले, तशी मी सुया, लोकर सगळं तिच्या टेबलावर सरकवलं. “ये किसका है?” “दीदी का, सर. रोज बुनती हैं.” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “हव साहब, मेरा है.” संध्याकाळी साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना तिनं ते विणकाम माझ्याच हातात दिलं. “टाके सुटू देऊ नको, पोट्टी.” मी एकही सुटू दिला नाही. तीन हिवाळे तो स्वेटर घालून त्याच कचेरीत गेले. कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं की सांगायचे, आईनं.