सासूबाईंच्या खोलीचं दार

सासरे गेल्यावर सासूबाई भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला आमच्याकडे आल्या. आमचं घर उतईच्या वाटेवर, धानाच्या जुन्या शेतात पाडलेल्या प्लॉटवर. त्याला आम्ही मागच्या बाजूनं त्यांच्यासाठी एक खोली जोडली. पहिल्याच पावसाळ्यात तिचं दार चौकटीत अडकू लागलं, कडी लागेना. सासूबाईंच्या मते हे माझंच काम. दार लावता आलं नाही की त्या कंटाळून मोहन नगरला धाकट्या लेकाकडे जातील, असा माझा डाव.

मीही काही कमी नव्हते. मला वाटायचं, कडी याच वाकवतात आणि वर धाकट्याला गाऱ्हाणी सांगतात. त्यांचा फोन सुरू झाला की मी मिक्सर बंद करायचे.

सुपेल्याहून सुतार आणून दाराला रंधा मारून घेतला. उन्हाळा आला तशी त्याच दाराला बोटभर फट पडली आणि कोपऱ्यातल्या भिंतीला तडा गेला. आता म्हणे मी आत डोकावायला फट पाडून घेतली. त्यांनी फटीत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि दाराला पेटी लावून झोपू लागल्या. मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

शेवटी नवऱ्यानं स्टील प्लांटमधल्या सिव्हिल इंजिनिअर मित्राला बोलावलं. त्यानं भिंतीलगत दोन जागी खणायला लावलं, एक खड्डा घराच्या बाजूला, एक या खोलीच्या. मग म्हणाला, ही काळी कन्हार माती. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते. खोली तिच्यासोबत वरखाली होते आणि चौकट तिरपी होते. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"आई, कोनी काही नाही केलं. मातीच तशी हाये."

सासूबाई खुर्ची ओढून खड्ड्यांपाशी बसल्या होत्या. घरही याच मातीत, मग तिकडची दारं कशी नाही अडकत, असं त्यांनी विचारलं. मित्र सहज बोलून गेला, घराचा पाया खाली घट्ट मुरुमापर्यंत नेलाय, या खोलीचा उथळच ठेवलाय.

मला लाज वाटली.

"म्हनजे मी इथं फार दिवस काढनार नाही," सासूबाई म्हणाल्या, "हे तुमी तवाच ठरवलं होतं."