दे म्हणणारा हात

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हाच फोन वाजला. नंबर अनोळखी. मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात अनोळखी नंबरांचं काही वाटत नाही. कुणाचा तरी डिस्प्ले फुटलेला असतो आणि त्याला तो दुपारपर्यंत हवा असतो. मी एका हातानं शटर धरून फोन घेतला. तेल्हाऱ्याहून माझ्या दोस्ताच्या, नितेशच्या ऑफिसातले एक गृहस्थ बोलत होते. सकाळी छातीत दुखतं म्हणाला, गाडीत घालून अकोल्याला नेलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "त्याच्या आईले तुमीच सांगा भाऊ, आमच्यानं नाई होत," म्हणाले. तेव्हापासून नितेशचं वय ऐकलं की लोक आधी हळहळतात आणि मग सिगारेट ओढायचा का, असं विचारतात. नव्हता ओढत. चहासुद्धा सोडला होता त्यानं. किती किती सोडलं होतं, हे सांगायचा आता कंटाळा येतो. तरी एकदा सगळं सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो आहे.

अमरावतीत माझं दुकान आहे त्या गल्लीच्या टोकाला एक बुद्धविहार आहे आणि विहाराच्या माडीवर अभ्यासिका. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली, लांब बाकं, वर फिरणारे पंखे, भिंतीवर बाबासाहेबांचा वाचत बसलेला फोटो. मी परतवाड्याहून येऊन इथं दुकान थाटलं तेव्हा नितेश नुकताच पदवी घेऊन त्या बाकावर बसायला लागला होता. बसायला म्हणजे खरोखरच बसायला. स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडं आणि पुस्तकाच्या आत मोबाइल. नेट तेव्हा नवीनच स्वस्त झालं होतं आणि सगळी पोरं हावरटासारखी त्याच्यावर तुटून पडली होती. नितेश नुसता बघत नसे, स्वतः व्हिडिओ काढायचा. एसटीच्या कंडक्टरची नक्कल, अभ्यासिकेत घोरणाऱ्या पोराची नक्कल, चिखलदऱ्याला गेलो तेव्हा माकडानं माझ्या हातातलं कणीस पळवलं त्याचा अख्खा व्हिडिओ, त्यात माझ्या शिव्यांसकट. हसायचा तर असा, की रस्त्यावरचे लोक वळून पाहायचे. "चाल बे, अभ्यास कर," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हे एक होऊ दे, मंग बसतो." ते एक कधीच होत नसे. मला काय, माझं पोटच मुळी दुसऱ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळावर चालतं. मी कशाला जास्त उपदेश करू?

त्याची आई, जिला मी मावशी म्हणतो, अंगणवाडीत सेविका होती. नितेश लहान असतानाच वडील गेलेले. एकदा तो डबा घरी विसरला म्हणून मावशी तो घेऊन अभ्यासिकेत आल्या. हा पाठमोरा, कानात वायर, पुस्तकात मोबाइल, खांदे हसून हसून हलताहेत. मावशी मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग डबा बाकावर ठेवला आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेल्या. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, पाठीत धपाटा घातला असता, तर नितेश तिथंच विसरून गेला असता. त्या बोलल्या नाहीत, हे त्याला लागलं.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला आणि मोबाइल बंद करून काउंटरवर ठेवला. "हा तुह्याजवळ ठेव. नोकरी लागतपर्यंत देऊ नको. म्या मागतला तरी देऊ नको."

"मागशीन तं?"

"मागीनच. तरी देऊ नको."

मी काउंटरखालच्या खणात टाकून कुलूप लावलं. दोन दिवसांत न्यायला येईल, असंच मला वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी अभ्यासिका सुटल्यावर आला, काउंटरवरून तळहात पुढे केला. "दे." मी म्हटलं, नाही देत. आधी हसला, मग गयावया केली, मग चिडला. "माहा फोन हाय बे तो, तुह्या बापाचा हाय काय?" म्हणाला आणि जाताना शटरवर लाथ घालून गेला. तो पोचा अजून आहे. मग काही दिवस फिरकला नाही. मला वाटलं, गेली दोस्ती. पण आला. पुन्हा हात पुढे, पुन्हा "दे", पुन्हा माझं "नाई देत". हळूहळू त्यातली धग गेली आणि नुसती सवय उरली. रोज संध्याकाळी जिना उतरायचा, हात पुढे करायचा, नकार घ्यायचा आणि स्टुलावर बसून माझ्याबरोबर चहा घ्यायचा. दोन वर्षं हे चाललं. माणूस वाईट सवय मोडतो तेव्हा तिच्या जागी काहीतरी लागतंच. त्याला माझा नकार लागायचा.

बंद मोबाइल तसाच पडून राहिला की बॅटरी फुगते आणि मग सगळंच जातं. म्हणून दर अमावास्येला दुकानात नारळ फोडतो, त्याच दिवशी मी नितेशचा फोनही चार्जिंगला लावायचो, म्हणजे विसर पडायला नको. मधे एकदा बॅटरी बदलली. उघडून बघितला मात्र कधी नाही. कुलूप घातलं ते घातलं.

तो पास झाला. कृषी सहायक म्हणून तेल्हाऱ्याकडे नेमणूक मिळाली. पेढे घेऊन आला तेव्हा मीच खणातून फोन काढून समोर ठेवला. "घे बाप्पा, सुटलो मी एकदाचा." त्यानं फोनकडे पाहिलं, काचेवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्याकडे सरकवला. "राहू दे. राज्यसेवेचं पाहून राहिलो. ते होऊ दे." मला खरं सांगायचं तर तिथंच धस्स झालं होतं. नोकरीसाठी त्यानं दुसरा फोन घेतला, साहेबांचे फोन घ्यायला आणि कपाशीच्या अळीचे फोटो पाठवायला, तेवढ्यापुरता. बाकी पहाटे उठून अभ्यास, दिवसभर शेतोशेती फिरणं, संध्याकाळी परत अभ्यास. कट्टा गेला, सिनेमा गेला, चहा गेला. लग्नाचं काढलं की पुढच्या वर्षी. पोराचं चांगलं झालं, सुधारला, म्हणून सगळी वस्ती कौतुक करायची, आणि कौतुक करण्यासारखं होतंच. पण मला तो दर भेटीत जास्त दमलेला दिसायचा. तो मोठा अधिकारी झाला असता की नसता, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. कधीतरी त्याचं हे सगळं होऊन जावं, खण उघडावा आणि आम्ही दोघांनी बसून अख्खी संध्याकाळ वाया घालवावी, एवढंच मला हवं होतं. मी त्या संध्याकाळची वाट पाहत होतो.

शेवटचा आला तो एका रविवारी. अकोल्याची गाडी पकडायची होती, पाठीवर बॅग. डोळ्यांखाली काळं, केस मागे सरकलेले. सवयीनं हात पुढे केला, "दे." मी सवयीनं "नाई देत." मग तो स्टुलावर टेकला आणि हळूच म्हणाला, "आज खरंच दे लेका. ते माकडाचं पाहू." मी चावी काढली. खणाला लावणार तेवढ्यात त्यानं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "जाऊ दे... यष्टी सुटन. पुढच्या खेपेले पक्कं." आणि बॅग सावरत गेला. चावी माझ्या हातातच होती.

तेराव्यानंतर... नाही, त्यांच्याकडे तेरावं नसतं, विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मावशी दुकानात आल्या. नितेशनं कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं असावं. "त्याचा एक फोन तुह्याजवळ हाय म्हणे बाबू." मी खण उघडला. फोन सुरू झाला. तो सुरू होऊ नये, असं मला क्षणभर वाटलं. मावशींना स्टूल दिलं आणि एकेक व्हिडिओ लावून दिला. कंडक्टर. घोरणारं पोरगं. माकड. एकात तर डोक्यावर टॉवेलाचा पदर घेऊन, कमरेवर हात ठेवून नितेश मावशींचीच नक्कल करत होता, "ऊठ रे माह्या राजा, सूर्य डोक्शावर आला!" आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच फुटून हसत होता. मावशी हसल्या. मग पदर तोंडाला लावून बसल्या.

"एवढा हासे का रे हा?" त्यांनी विचारलं. "मी पायलंच नाई. त्या दिवशी मागं उभी होती तं निस्ते खांदे दिसले मले."

बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. जाताना मी फोन पिशवीत घालून देऊ लागलो तर त्यांनी माझा हात मागे ढकलला. "नोको बापा. घरी नेला तं मी दिवसभर यातच बसीन. चूल पेटाची नाई माही. तुह्याजवळच राहू दे, अन् मी मागतला तरी देऊ नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिका सुटली, पोरं जिना उतरून पांगली आणि काउंटरवर हात आला. भाजीची पिशवी दुसऱ्या हातात. "दे." माझ्या तोंडात सवयीनं "नाई देत" आलंच होतं. नितेशला मी ते कितीदा म्हटलं असेल, एकदाही जड गेलं नव्हतं. मावशींना म्हणता आलं नाही. मी चावी काढली.

आता रोज येतात. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवून देतो, तर नितेशचं हसणं गल्लीपर्यंत जातं आणि येणारे-जाणारे वळून पाहतात. मी माझं डिस्प्लेचं काम करत राहतो. दुकान बंद करायची वेळ झाली की मग मीच काउंटरवरून हात पुढे करतो, "द्या मावशी, उशीर झाला." त्या मान वर करत नाहीत.

"थांब रे. हे एक होऊ दे."

मी शटर अर्धं ओढतो आणि थांबतो.